साठ टाके

आमच्या घरात सध्या सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य ‘एवढी सुई संपली की येते’ हे आहे. दारावर कुरिअरवाला उभा असो, कुकरची तिसरी शिट्टी होऊन गेलेली असो किंवा स्वयंपाकघरातून ‘अगं, चहा निवतोय’ अशी हाक आलेली असो, माझे उत्तर ठरलेले असते. विणणाऱ्या बायकांच्या बोलण्यात एका ओळीला ‘सुई’ म्हणतात, कारण एका सुईवरचे सगळे टाके दुसऱ्या सुईवर गेले की ओळ पूर्ण होते. ओळ अर्धी टाकून उठले तर परत आल्यावर आपण कोणत्या दिशेने निघालो होतो हे आठवत नाही, शिवाय टाके टोकावरून निसटतात ते वेगळेच. माझी आई तर अर्ध्या सुईवरून उठणे हे भरल्या ताटावरून उठण्याइतकेच वाईट मानत असे. तिचा धाक अजून गेलेला नाही, आणि त्यामुळे माझे वय ७१ झाले तरी कुरिअरवाल्याला थांबावे लागते.

आम्ही दोघे नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहतो. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मी बँकेतून. मुलगी जर्मनीत असते. नाशिकची थंडी ही मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची वस्तू आहे. शेजारच्या निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी डिसेंबर-जानेवारीत एकदा तरी येतेच. द्राक्षबागाईतदार त्या बातमीने धास्तावतात आणि मी लोकरीची पिशवी बाहेर काढते. आमच्या गॅलरीत सकाळी साडेआठ ते अकरापर्यंत ऊन असते. वेताच्या दोन खुर्च्या, मधे स्टूल, स्टुलावर ह्यांचे शब्दकोडे आणि माझा गुंडा. गुंडा खाली घरंगळू नये म्हणून तो मी एका जुन्या पितळी पातेल्यात ठेवते. बोहारणीला द्यायला निघालेले ते पातेले अशा रीतीने वाचले.

विणकाम मी आठव्या वर्षी शिकले, त्याला निमित्त युद्धाचे होते. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनचे आक्रमण झाले तेव्हा देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तसे आमच्या आळीतल्या बायकांनीही विणले. दुपारची जेवणे आटोपली की आमच्या ओटीवर सातआठ जणी जमत, आणि खाकी व हिरवट रंगांच्या लोकरीचे ढीग मधे पडलेले असत. तेव्हा लोकर लडीने मिळे. दोन हात समोर धरून त्यांवर लडी ताणून बसायचे आणि समोरच्या बाईने गुंडा करायचा, हे आम्हा पोरींचे काम. हात दुखून यायचे, पण ‘सीमेवर जवान उभे आहेत आणि तुला घटकाभर बसवत नाही?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी कंटाळून मीच म्हटले की मला सुया द्या, त्यापेक्षा मी विणते. आईने मला वीस टाके घालून दिले आणि नुसते सुलट विणायला लावले. माझी ती वेडीवाकडी पट्टी कुठल्याही जवानाच्या उपयोगाची नव्हती, आणि विणता विणता वीस टाक्यांचे सव्वीस कसे झाले हे आजतागायत कळलेले नाही. आईने ती पट्टी माझ्यासमोर एका दमात उसवली, लोकर पुन्हा गुंडाळली आणि म्हणाली, “आता मोजत विण.”

मोजण्याचे व्यसन मला तेव्हापासून आहे, आणि पुढे पोटही त्यावरच भरले. नोटा मोजण्याची यंत्रे येण्यापूर्वीच्या काळात मी रोखपाल होते. ओल्या स्पंजाच्या डबीत बोट बुडवून शंभराची गड्डी मोजायची, शंका आली तर पुन्हा मोजायची, आणि दिवसअखेर हिशेब जुळला नाही तर तो जुळेपर्यंत घरी जायचे नाही. अशी सदतीस वर्षे गेली. त्या काळातही मी विणत होते, पण ते सगळे मुदतीचे विणकाम होते. नणंदेला सातवा महिना लागला म्हणजे टोपडे आणि पायमोजे व्हायला हवेत. मुलीच्या शाळेत गडद निळा स्वेटर सक्तीचा झाला म्हणजे तो जूनच्या आत व्हायला हवा, आणि बाह्या दोन वर्षे पुरतील एवढ्या लांब हव्यात. जेवणाच्या सुट्टीत डबा पंधरा मिनिटांत संपवून उरलेल्या पंधरा मिनिटांत मी दहा सुया विणत असे. चूक दिसली तरी ती बगलेत जाईल, कुणाला दिसणार आहे, असे म्हणून पुढे जायचे. त्या स्वेटरांपैकी दोनतीन अजून कपाटात आहेत. त्यांतल्या चुका मला अजून दिसतात आणि त्या अमुक महिन्यातल्या, अमुक घाईतल्या, असे सांगताही येते.

निवृत्त झाल्यावर, म्हणजे २०१४ मध्ये, पहिला बदल झाला तो उसवण्याबाबत. आता मी बारा सुया मागची चूकही उसवते. ह्यांना ते बघवत नाही. दोन तासांचे काम अर्ध्या मिनिटात सर्रकन सुटून येते आणि कुरळ्या लोकरीचा ढीग मांडीवर पडतो, तेव्हा त्यांचा चेहरा धरणाला तडा गेल्यासारखा होतो. मला मात्र त्यात एक प्रकारची मौज वाटते. मराठीत आपण कापडही विणतो आणि स्वेटरही विणतो, पण दोन्हींत मोठा फरक आहे. मागावरच्या कापडात ताण्याचे आणि बाण्याचे धागे वेगळे असतात आणि ते एकमेकांना कायमचे अडकतात. सुयांवरचे विणकाम म्हणजे एकाच धाग्याचे एकातून एक ओढलेले फास. शेवटचा फास सोडून टोक ओढले की सगळे परत धागा होते. त्यामुळे येथे काहीही वाया जात नाही. आईचा एक मोरपिशी स्वेटर माझ्या लहानपणी तिचा होता, मग तो उसवून माझा झाला, आणि पुढे माझ्या मुलीचे टोपडे आणि बिनबोटांचे हातमोजे झाला. उसवलेल्या लोकरीची लडी करून ती कोमट पाण्यात भिजवायची आणि सावलीत टांगून वाळवायची, की तिचा कुरळेपणा जातो.

लोकर हा शब्द आपण सैलपणे वापरतो हे येथे कबूल केले पाहिजे. आपल्या दुकानांतून गुंड्यांच्या रूपाने जी ‘लोकर’ मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, म्हणजे मेंढीशी तिचा संबंध नाही. ती खनिज तेलापासून बनवलेल्या धाग्याची असते. ती स्वस्त असते, यंत्रात धुता येते, कसर लागत नाही, आणि टोचतही नाही. खऱ्या लोकरीची ऊब मात्र तिच्यात नाही. आपल्याकडे मेंढ्या नाहीत असे नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढीची काळी लोकर आपण शेकडो वर्षे वापरत आलो आहोत, पण ती राठ असते. तिचे घोंगडे होते, त्याला चिंचोक्याची खळ देतात आणि ते पाऊस, थंडी, बसायला, पांघरायला असे सगळीकडे चालते. तिचा पायमोजा विणला तर कोणी घालणार नाही. आमच्या आजोळी असलेले घोंगडे इतके टोचायचे की त्यावर झोप लागलेले मूल खरोखरच दमलेले आहे असे समजले जाई.

पायमोज्यांकडे आलेच आहे तर आता मुख्य गोष्ट सांगते. एवढी वर्षे विणूनही मला टाच वळवता येत नव्हती. आपण बाळाचे पायमोजे विणतो ते दोन सुयांवर सपाट विणून मग शिवतो. त्यात टाच नावालाच असते, कारण बाळाला कुठे चालायचे असते! मोठ्या माणसाचा, नीट बसणारा, शिवण नसलेला मोजा ही वेगळी विद्या आहे. २०१९ साली आम्ही मुलीकडे श्टुटगार्टला तीन महिने राहिलो, तेव्हा तिच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहत असत. त्या माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या असाव्यात. मी बागेतल्या बाकावर विणत बसलेली त्यांनी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची पिशवी घेऊन शेजारी येऊन बसल्या. मला जर्मन येत नाही, त्यांना इंग्रजी येत नव्हते, मराठीचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींचे हात पाहत बसलो. मी धागा उजव्या हाताने सुईवर टाकते. त्या धागा डाव्या हाताच्या तर्जनीवर ताणून धरत आणि सुईच्या टोकाने नुसता उचलून घेत. त्यांचा वेग माझ्या दुप्पट होता.

मुलीने मधे पडून दोन शब्द सांगितले तेव्हा मला फार गंमत वाटली. आपण ज्याला सुलट टाका म्हणतो त्याला जर्मनीत ‘उजवा’ म्हणतात, आणि उलट टाक्याला ‘डावा’. रेख्ट्स आणि लिंक्स, एवढे दोन शब्द पाठ झाले आणि आमची शाळा सुरू झाली. तेथे मोज्यांसाठी वेगळी लोकर मिळते. तिच्यात पाऊण भाग खरी लोकर आणि पाव भाग नायलॉनसारखा चिवट धागा असतो, म्हणजे टाच लवकर झिजत नाही. शंभर ग्रॅमच्या गुंड्यात ४२० मीटर धागा असतो आणि एका गुंड्यात मोठ्या माणसाचा एक जोड होतो. सुया पाच लागतात, आखूड आणि दोन्ही टोकांना अणकुचीदार, अडीच मिलिमीटर जाडीच्या. आपल्याकडच्या सुयांना जुने इंग्रजी नंबर असतात आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. बारा नंबरची पावणेतीन मिलिमीटर, तेराची सव्वादोन. अडीच ही त्यांच्या अगदी मधली, म्हणजे माझ्या सुयांच्या डब्यात नेमकी नसलेली. माझ्या पायासाठी साठ टाके घालायचे, चार सुयांवर पंधरा-पंधरा, आणि पाचवीने विणत गोल गोल फिरायचे. घोट्यापर्यंतची नळी मी दोन दिवसांत केली. मग टाच आली.

टाचेसाठी साठातले अर्धे टाके, म्हणजे तीस, बाजूला घेऊन ते सरळ पुढेमागे तीस ओळी विणायचे. एक चौकोनी जिभेसारखी पट्टी लोंबू लागते आणि हा मोजा बिघडला अशी खात्री होते. त्यानंतर त्या तीस टाक्यांचे मनाने दहा-दहाचे तीन भाग करायचे. मधल्या भागाचा शेवटचा टाका आणि बाजूच्या भागाचा पहिला टाका एकत्र विणायचा आणि तेथेच उलटे फिरायचे. दुसऱ्या बाजूलाही तसेच करायचे. प्रत्येक ओळ बाजूचा एक टाका खाते. वीस ओळींनंतर मधले दहाच टाके उरतात, आणि तोवर सपाट असलेल्या पट्टीला आपोआप वाटीसारखा खोलगट आकार आलेला असतो. मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून पंधरा-पंधरा टाके उचलायचे, थांबलेले तीस त्यांना मिळवायचे, म्हणजे सत्तर होतात. ते हळूहळू कमी करत पुन्हा साठावर यायचे आणि अंगठ्याकडे निघायचे. येथे लिहिताना हे सोपे वाटते. आजींनी पहिल्या दिवशी मला टाच अर्ध्यापर्यंत करून दाखवली, माझ्याकडे पाहिले, आणि सुई काढून घेऊन सगळी उसवून माझ्या हातात दिली. ओटीवर बसलेल्या माझ्या आईची मला इतकी लख्ख आठवण झाली की मी मराठीतच म्हटले, “हो, मोजत विणते.” त्या हसल्या. त्यांना काय कळले कोण जाणे.

चौथ्या प्रयत्नात ती वाटी झाली. एवढ्या वयात माझ्याच हातून सुया फिरत असताना सपाट वस्तूला टाच फुटलेली पाहून मला जो आनंद झाला तो लिहिता येण्यासारखा नाही. ह्यांनी मात्र तो लिहिण्याजोगा आहे असे ठरवले. परत आल्यावर त्यांनी आलेखाच्या कागदावर टाचेचा पूर्ण तक्ता काढला, प्रत्येक टाक्याला एक चौकोन, कमी केलेल्या टाक्याला तिरकी रेघ. त्यांच्या पायाला चौसष्ट टाके लागतात. त्याचे अर्धे बत्तीस, आणि बत्तिसाचे तीन सारखे भाग होत नाहीत, हा प्रश्न त्यांना दोन दिवस पुरला. अकरा, दहा, अकरा असे करायचे, हे मला जर्मनीतल्या कोष्टकावरून माहीत होते, पण मी ते सांगितले नाही. त्यांनी ते स्वतः शोधून काढले आणि जेवताना जाहीर केले.

म्हातारपणी घरात दोनच माणसे उरली की घर मोठे होते अशी तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. आमच्याकडे घर तेवढेच आहे, वेळ मात्र अंगाबाहेर मोठा झाला. पूर्वी आठ वाजून दहा मिनिटांनी काय करायचे हे ठरलेले असे. आता सकाळ ही एक लांबच लांब गोष्ट झाली आहे. तिला मी सुयांनी मोजते. भिजवलेले हरभरे शिजायला लावले की आठ सुया. ह्यांचे शब्दकोडे साधारण वीस सुयांचे असते, आणि शेवटचा शब्द अडला तर तीस. औषधाच्या दोन गोळ्यांमध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा असतो, तेवढ्यात मोज्याच्या नळीचे बोटभर काम होते. माझ्या सासूबाई चातुर्मासात वाती वळत. त्यांनी लक्ष वातींचा नेम केला होता, आणि मांडीवर कापूस घेऊन त्या दुपारभर वळत बसत. हजार झाल्या की जोंधळ्याचा एक दाणा डबीत टाकत. मी बँकेतून थकून घरी आल्यावर ती डबी पाहून मला तेव्हा मनातून राग येई, की यांना मोजायला एवढा वेळ कसा मिळतो. आज त्या असत्या तर शेजारी खुर्ची टाकून बसवले असते, आणि डबीत माझेही चार दाणे पडले असते.

शरीराच्या कुरबुरी आहेतच. थंडीत सकाळी उजवा अंगठा आखडतो, म्हणून मी धातूच्या सुया सोडून बांबूच्या घेतल्या आणि एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त विणायचे नाही असे स्वतःला बजावले. ते मी पाळते असे मात्र नाही. डोळ्यांची गोष्ट अधिक मजेची आहे. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि जगातला निळा रंग परत आला. आमच्या पडद्यांवर निळी फुले आहेत हे मी विसरूनच गेले होते. त्याच आठवड्यात ह्यांचा राखाडी स्वेटर धुऊन वाळत टाकताना मला दिसले की त्याची एक बाही चक्क निळसर आहे. गुंड्याच्या कागदावर रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक छापलेला असतो आणि एका कामाची सगळी लोकर एकाच क्रमांकाची, एकदमच घ्यावी लागते, हा अगदी पहिला धडा. पण लोकर कमी पडल्यावर नंतर आणलेला गुंडा मला त्या वेळी तस्साच दिसला होता. ह्यांनी तो स्वेटर दोन हिवाळे घातला होता. “अहो, मग बोलला का नाहीत?” असे विचारले तर म्हणाले, “मला वाटले, मुद्दाम केले असशील.”

बाळंतविड्यासाठी मात्र पूर्वीसारखी मागणी राहिलेली नाही. इमारतीतल्या एका सुनेला मी टोपडे, पायमोजे आणि गळ्याशी गोंडे असलेला छोटा स्वेटर दिला, तर तिने फार प्रेमाने घेतला आणि तितक्याच प्रेमाने सांगितले की डॉक्टरांनी बाळाला लोकरीचे काही घालू नका म्हटले आहे, अंगावर पुरळ उठते. तिचे चुकले नाही. पूर्वी आतून मऊ सुती झबले घालून त्यावर स्वेटर चढवत, त्यामुळे टोचण्याचा प्रश्न येत नसे. आता तो स्वेटर उघड्या मानेला लागतो. तेव्हापासून बाळांसाठी मी सुती धागा वापरते. तो ताणला जात नाही, म्हणून विणायला कंटाळवाणा आणि बोटांना जड. पण बाळ तक्रार करत नाही आणि आईही करत नाही.

दर हिवाळ्यात तिबेटी विक्रेते स्वेटरांचे ठेले लावतात आणि तेथे लुधियानाकडून आलेला यंत्राचा स्वेटर माझ्या लोकरीच्या निम्म्या किमतीत मिळतो, हे ह्यांनी मला हिशेब करून दाखवले आहे. हिशेब बरोबर होता. त्यानंतर आम्ही दोघांनी तेथून एकेक स्वेटर घेतला, आणि येताना मी दहीपुलाजवळून सहा गुंडेही घेतले.

या वर्षी एक नवीनच गोष्ट झाली आहे. जर्मनीहून आणलेल्या लोकरीतले पाच गुंडे मोजे होऊन गेले: ह्यांना दोन जोड, जावयाला एक, मुलीला एक, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना एक, कारण त्यांना फरशीचा गारवा बाधतो. सहाव्या गुंड्याशी आल्यावर लक्षात आले की साठ टाक्यांचा, म्हणजे माझ्या स्वतःच्या मापाचा जोड मी अजून एकदाही पूर्ण केलेला नाही. शिकताना केलेला तो पहिला मोजा एकटाच राहिला होता आणि तो आजींनी आठवण म्हणून ठेवून घेतला. मग संक्रांतीनंतर सहावा गुंडा काढला. गडद जांभळा, मधे बारीक पिवळी झाक. पहिला मोजा पंधरा दिवसांत झाला आणि तो सुईवरून उतरल्यावर मी तो एका पायात घालून घरभर फिरले.

दुसऱ्या मोज्याचा कंटाळा ही सगळ्या विणणाऱ्यांची जुनी खोड आहे. जे करून झाले तेच जसेच्या तसे पुन्हा करायचे असते. काल संध्याकाळी शेवटी मी टाके घालायला बसले. देवापाशी दिवा लावून झाला होता, बाहेर उजेड कमी होत होता आणि जांभळ्यावर जांभळे नीट दिसत नव्हते. चार सुयांवर वाटून मोजले तर एकोणसाठ भरले. ह्यांनी चष्मा पुसून, मोबाइलचा दिवा धरून मोजले तर एकसष्ट.

“अहो, बोटाने ढकलत मोजा, नजरेने नको.”

“मी बोटानेच मोजले. तुझ्या तिसऱ्या सुईवर सोळा आहेत.”

तिसऱ्या सुईवर पंधराच होते. पहिलीवर चौदा होते की पंधरा, यावर एकमत झाले नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती पहिली की दुसरी यावरही झाले नाही, तेव्हा सुया तशाच पातेल्यात ठेवून आम्ही आधी गॅस बंद केला.